चिठ्ठीविना खाट

घरातल्या कुणाला ॲडमिट करायची वेळ आली की आपल्याकडे फोनाफोनी सुरू होते. पहिला फोन १०८ ला जाईलच असे नाही. 'तिथे कुणी ओळखीचे आहे का' हे विचारणारा फोन मात्र नक्की जातो. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला ही ओळख खोली लवकर मिळावी, मोठ्या डॉक्टरांनी स्वतः येऊन बघून जावे, एवढ्यासाठी हवी असते. गरिबाला ती बिलासाठी लागते. तो आमदारांच्या संपर्क कार्यालयाबाहेर सकाळपासून उभा राहतो आणि लेटरहेडवरची चिठ्ठी घेऊन रुग्णालयात येतो. पत्रवाहक आमच्या परिचयाचे असून त्यांना बिलात शक्य ती सवलत द्यावी, अशा अर्थाचा मजकूर, खाली सही, शिक्का.

आमचा आक्षेप या चिठ्ठीलाच आहे. जे कायद्याने देणे लागते, त्यासाठी विनंती कशाला?

महाराष्ट्रात चारशेहून अधिक रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त संस्थांची, म्हणजे धर्मादाय आहेत. त्यांत पुण्या-मुंबईतली पंचतारांकित वाटावीत अशी बडी नावेही आहेत. आयकरातून सूट, कुठे सवलतीच्या दराने जमीन, कुठे वाढीव चटईक्षेत्र, असे पुष्कळ काही त्यांना मिळालेले असते. त्याची परतफेड म्हणून विश्वस्त कायद्यात '४१ कक' हे कलम आले आणि २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची रीतसर योजनाच आखून दिली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या खर्चात. म्हणजे तीनशे खाटांच्या रुग्णालयात साठ. शिवाय इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची आणि ती या रुग्णांवरच खर्च करायची. शंभर कोटींची बिले झाली तर दोन कोटी. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. दुसऱ्या मर्यादेत गावातल्या किराणा दुकानातला नोकर बसतो, शहरातला रिक्षावाला बसतो, सोसायटीचा वॉचमनही बसतो. यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते?

ठाऊक नसते, कारण काउंटरवर कुणी सांगत नाही. तिथे विचारतात ते 'डिपॉझिट किती भरताय?' आणि 'मेडिक्लेम आहे का?' धर्मादाय खाटांचा फलक असतो, पण तो झाडाच्या कुंडीमागे किंवा लिफ्टच्या पलीकडे. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता आधी दाखल करून घ्यायचे, हेही या योजनेतच आहे. पुण्यातल्या एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये अनामत रकमेवरून राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा अनेकांना हा नियम नवाच वाटला. तो तेव्हा जवळजवळ १९ वर्षांचा होता.

दुसरी गोची वेळेची. नातेवाइकांना सवलतीची आठवण होते ती डिस्चार्जच्या दिवशी, बिलाचा आकडा बघून. तोवर रुग्ण जनरल कोट्यात नोंदला गेलेला असतो, औषधे छापील किमतीने लागलेली असतात आणि 'आता सिस्टीममध्ये बदल होत नाही' हे उत्तर तयार असते. मग चिठ्ठी, मग घासाघीस, मग व्यवस्थापनाच्या कृपेने पाच-दहा हजार कमी, आणि वर आभार. हाच माणूस पहिल्या दिवशी वैद्यकीय समाजसेवकाच्या टेबलाशी गेला असता, रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पुढे ठेवून योजनेतल्या खाटेसाठी लेखी अर्ज केला असता, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली असती, तर बिलाचा हिशेबच वेगळ्या पद्धतीने झाला असता. नकार द्यायचा तर लेखी द्या, एवढे म्हटले तरी समोरच्याचा सूर बदलतो. खाट खरेच शिल्लक नसेल तर तेही कागदावर यावे; त्या कागदावर धर्मादाय सहआयुक्तांकडे दाद मागता येते.

इथे एक घोटाळा सर्रास होतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना वेगळी आणि ही वेगळी. फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ठरलेल्या यादीतल्या उपचारांना आणि योजनेत सामील रुग्णालयांतच. तिथे आरोग्यमित्राला गाठायचे. धर्मादाय खाटेला आजारांची अशी यादी नाही. 'तुमचा आजार योजनेत बसत नाही' असे ऐकून जे घरी परततात, त्यांनी 'कुठल्या योजनेत?' एवढे तरी विचारावे.

ज्यांचे उत्पन्न या मर्यादांच्या वर आहे त्यांनीही अगदीच हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयाला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. केसपेपरची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर २००२ पासून बंधनकारक आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर ही फाईलच हाताशी लागते, आणि तीच मागायला लोक कचरतात. 'डॉक्टर चिडले तर?' ही भीती खोटी म्हणता येणार नाही. आपला माणूस आत त्यांच्याच ताब्यात असतो. पण बहुतेक डॉक्टरांना असल्या मागणीचे काही वाटत नाही. अडवणूक होते ती बिलिंगच्या खिडकीवर.

आता पुन्हा चिठ्ठीकडे. ती देणाऱ्या सगळ्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायची नाही. कित्येक कार्यकर्ते रात्री-अपरात्री रुग्णासाठी धावतात आणि माणसे वाचवतात. पण चिठ्ठीची पद्धत सगळ्यांच्याच सोयीची झाली आहे. रुग्णालयाला नियम पाळल्याचे नव्हे, उपकार केल्याचे श्रेय मिळते. पुढाऱ्याच्या खात्यावर एक कुटुंब जमा होते आणि पाच वर्षांनी ते आठवण ठेवते. नुकसान होते ते ज्याच्याकडे चिठ्ठी नाही त्याचे, कारण राखीव खाट शेवटी ओळखीच्या माणसालाच जाते. मेळघाटातून किंवा अक्कलकुव्यातून आलेल्या माणसाने शहरात कुणाचे संपर्क कार्यालय शोधायचे?

धर्मादाय आयुक्तालयाला हे मोडून काढणे अवघड नाही. राखीव खाटांपैकी आज किती रिकाम्या आहेत, दोन टक्क्यांच्या निधीत किती जमा झाले आणि किती रुग्णांवर खर्च झाले, हे प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने ॲडमिशन काउंटरवरच ठळक मराठीत लिहावे आणि दररोज बदलावे. दाखल होतानाच्या फॉर्ममध्ये 'आपले वार्षिक उत्पन्न ३ लाख ६० हजारांपेक्षा कमी आहे का?' हा प्रश्न डिपॉझिटच्या रकान्याच्या वर छापावा. जे रुग्णालय हे करणार नाही, त्याच्या सवलती काढून घ्याव्यात. आणि आमदारांनी आपल्या लेटरहेडवर शिफारशीऐवजी या योजनेची माहिती छापून वाटावी.