दिवा लावायला पासवर्ड?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण तसं घरगुती आहे, पण राग आता घरापुरता राहिलेला नाही म्हणून इथे मांडतो. नातेवाइकांपैकी जे कोणी वाचतील त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं आणि मग फोन करावा. अर्ध्यावर केलेला फोन उचलला जाणार नाही!

माझी थोरली बहीण, आमची अक्का, दौंडला एकटी राहते. वय एकोणऐंशी. यजमान रेल्वेत होते, त्यांनी बांधलेलं दीड फुटी दगडी भिंतींचं घर आहे. मुलगा हिंजवडीला नोकरीला. आईवर त्याचा जीव आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्यावर बरंच तोंडसुख घेणार आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याने आईचं घर 'स्मार्ट' करून दिलं. सगळे दिवे वायफायचे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक टॅब, त्यावर दिव्यांची, पंख्यांची रंगीत चित्रं. बोट लावलं की दिवा लागतो. भिंतीवरची जुनी बटणं 'चालू' ठेवून त्यांवर सेलोटेप लावली, कारण बटण बंद केलं तर बल्बची वीजच जाते आणि मग टॅबचं कोणी ऐकत नाही. अक्काला सांगून ठेवलं, "आई, याला हात लावायचा नाही."

पावसाळ्यात एके रात्री अकराला लाइट गेली आणि तीनला आली. बहुतेक स्मार्ट बल्बांची मूळ सवय अशी, की वीज परत आली की ते आपोआप पूर्ण उजेडाने पेटतात. ही सवय बदलता येते, पण बदलायची असते हेच कोणाला माहीत नसतं. तर रात्री तीन वाजता अख्खं घर लख्ख झालं. अक्काला वाटलं घरात कोणी शिरलं. काठी घेऊन उठली, टॅबपाशी गेली. त्यावर एक चक्र फिरत होतं आणि खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. दिवे बंद होईनात. टेप काढायची नाही असं मुलाने बजावलेलं. बाहेरची फायबरची वायर वाऱ्यात कुठेतरी तुटली होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारी जोडली गेली. बाई उजाडेपर्यंत खुर्चीत बसून राहिली. साडेपाचला मला फोन. "अरे, घर माझं ऐकेना रे."

मी पहिली एसटी धरली. शिरूरहून न्हावरे, चौफुला, पाटस करत दौंडला पोचलो. वाटेत वाटत होतं, एका रात्रीचा प्रश्न आहे, मिटेल. पण खरी गोष्ट आठ दिवसांनी कळली. अक्का आता रोज झोपताना मेन स्विचच पाडत होती आणि रात्री बाथरूमला बॅटरीच्या उजेडात जात होती. एकोणऐंशीव्या वर्षी, ओल्या फरशीवरून, अंधारात. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय ते आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या घरी पाहिलंय. ती पडली नाही हे नशीब. त्यात घराची हुशारी काही नाही.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ज्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला कोणालाही न विचारता दिवा लावता किंवा मालवता येत नाही, ते घर स्मार्ट नाही. भिंतीवर कितीही मोठा टॅब लावा.

"मामा, तुम्हाला नवीन काही नकोच असतं," हे उत्तर मला तोंडपाठ आहे. तर ऐका. शिरूरला माझ्या स्वतःच्या घरात भिंतीवर टॅब आहे आणि तो चालतो. मी मराठीचा बीए, विज्ञानाशी संबंध पेपर तपासणाऱ्या शेजारच्या टेबलापुरता. पण रांजणगावच्या एमआयडीसीत नेटवर्किंगचं काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्यापुढे मी दोन रविवार वही घेऊन बसलो. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, कारखान्यात मशीनला कितीही मोठी स्क्रीन असू द्या, थांबवायचं लाल बटण वेगळं आणि तारेने जोडलेलंच असतं." कामगारासाठी जी काळजी घेतली जाते, ती आईसाठी घ्यायला नको?

आता जाळ्याचं बघू. आमच्याकडे हे समजवायला कालवा पुरतो. दौंडला खडकवासल्याचा, शिरूरला चासकमानचा. हेडवाल्याचा ऊस डोलतो आणि टेलवाला पाळीची वाट बघतो. वायफाय तसंच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो, बाकीच्यांनी थांबायचं. जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. त्यातच शेजाऱ्यांचे राउटर. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण भिंती ओलांडताना लवकर दमतो. अक्काकडे राउटर पुढच्या खोलीत लाकडी कपाटात ('दिसायला बरं नाही' म्हणून!) आणि टॅब दोन दगडी भिंतींपलीकडे. म्हणजे टॅब टेलला. त्यावर भाच्याने उपाय काय केला? मधल्या खोलीत रिपीटर लावला. साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्यावरच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे टेलला पाणी कमी पडतंय म्हणून तिथेच मोटर बसवण्यासारखं झालं. मोटर कितीही ओढू दे, पाणी आलं पाहिजे ना!

उपाय जुना आहे. तार टाका. कॅट सिक्स केबल १०० मीटरपर्यंत काम करते आणि दगडी भिंतीला घाबरत नाही. भिंतीवरचा टॅब जागचा हलणार नसतो, मग त्याला हवेतून पाणी पाजायचा अट्टहास कशाला? त्याच केबलमधून वीजही देता येते. या पद्धतीचं पहिलं प्रमाण २००३ साली ठरलं आणि त्यात एका तारेवर १५.४ वॅटपर्यंत वीज सोडता येते. माझ्या टॅबला दहा-बारा वॅट पुरतात. म्हणजे टॅबजवळ प्लग नको, लोंबणारी वायर नको. फक्त ही केबल विजेच्या वायरींच्या पाइपात कोंबायची नाही, तिला वेगळा पाइप हवा. माझ्या घरी केबल, पाइप आणि मजुरी मिळून खर्च टॅबपेक्षा कमी आला. पण तार भिंतीत जाते, पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून तिच्यावर पैसे घालायला कोणी तयार नसतं. टॅबचा फोटो मात्र फॅमिली ग्रुपवर टाकता येतो.

दुसरी गोष्ट विजेची. अक्काकडे इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखा आणि टीव्ही. राउटर नाही! १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. त्यातली निम्मीच हाताशी धरली तरी राउटर, फायबरची पेटी आणि छोटा स्विच मिळून पंचवीस वॅटचा भार ती दिवसभर सहज ओढेल. शिवाय आपल्याकडे लाइट नुसती जात नाही, वाकडीतिकडी येते. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घरात शिरू शकतात. म्हणून अर्थिंग नीट असणं आणि व्होल्टेज वाढलं की तोडणारं उपकरण मेनजवळ असणं, हे टॅब घ्यायच्या आधीचं काम आहे.

टॅबचंही एक सांगतो. माझा पहिला टॅब मुलाने वापरून झालेला होता. चोवीस तास चार्जिंगवर ठेवला. एप्रिल-मे उलटला आणि त्याची स्क्रीन एका बाजूने वर आली. बॅटरी फुगली होती. लिथियमच्या बॅटरीला कायम शंभर टक्के भरून उकाड्यात ठेवणं मानवत नाही. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर टायमर लावा. उन्हाच्या किंवा गॅसच्या भिंतीवर टॅब नकोच. आणि फुगलेली बॅटरी दाबायची किंवा टोचायची नाही.

आता मुख्य भांडण. ते क्लाउडशी आहे. आमचा शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला. ढगाच्या भरवशावर राहिलं की काय होतं हे आम्हाला शिकवायला नको. अक्काने टॅबवर बोट लावलं की तो निरोप परदेशातल्या कुठल्या तरी कॉम्प्युटरकडे जाणार, तिथून हुकूम येणार आणि मग दोन हातांवरचा दिवा लागणार. सोमवार, २० ऑक्टोबर २०२५, ऐन नरकचतुर्दशीला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अमेझॉनच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि अलेक्सा, रिंगच्या दारावरच्या घंटा मुक्या झाल्या. काही लोकांचे स्मार्ट पलंगसुद्धा ऐकेनासे झाले! तो निदान अपघात होता. गूगलच्या नेस्टने रिव्हॉल्व्ह नावाची कंपनी विकत घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात तिची यंत्रणाच बंद केली. ३०० डॉलरची पेटी लोकांच्या घरात नुसता डबा होऊन बसली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर आगाऊ सूचना न देता बंद पडले. पैसे आपण मोजायचे आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.

याला पर्याय नाहीत असं नाही. घरातच छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं, २०१३ पासूनचं होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. इंटरनेट गेलं तरी ते घरातल्या जाळ्यावर काम करतं आणि टॅबवरच्या बटणांना देवनागरीत नावं देता येतात. २०२२ मध्ये आलेलं 'मॅटर' हे प्रमाणही घरातल्या घरात चालावं असंच ठरवलेलं आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, स्मार्ट बल्बऐवजी नेहमीच्या बटणामागे बसणारं रिले मॉड्यूल घ्या. टॅब चालला तर उत्तम, नाही चालला तर बटण आहेच. जुन्या घरात त्या बोर्डापर्यंत न्यूट्रल आलेला आहे का, एवढं वायरमनला आधी बघायला सांगा.

हे सगळं मी सोयीचा प्रश्न म्हणून लिहीत नाही. आमच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन आठवड्यांच्या आसपास बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. दोन लेकरं आणि एक आजी. माझं घरही गावाच्या कडेला, समोर ऊस. अशा ठिकाणी अंगणातला दिवा फिरणाऱ्या चक्रावर सोडायचा? माझ्या अंगणातल्या दिव्याचं बटण दाराच्या आत, हाताच्या उंचीवर, साधं, खटकन वाजणारं आहे. टॅबवरही आहे. पण भरवसा त्या खटक्यावर.

आणखी एक, हे जरा जपून लिहितो. भाच्याने हॉलमध्ये कॅमेराही लावला होता, आई दिसावी म्हणून. भावना चांगली. पण अक्का स्वतःच्या घरात पदर सावरून, पाहुण्यासारखी बसायला लागली. खातं मुलाच्या नावावर, पासवर्ड मुलाकडे, ओटीपी मुलाच्या फोनवर. तो विमानात असला की आईचं घर कुलूपबंद. ज्या बाईने आयुष्यभर हे घर चालवलं, ती त्याच घरात परवानगी मागणारी झाली. आपण आईवडिलांना वस्तू देतो, त्याचबरोबर त्यांच्या हातातलं काय काढून घेतो, हे बघायचं राहून जातं.

भाचा समंजस आहे. माझं दोन तास ऐकून घेतलं, मग एका शनिवारी माझ्या विद्यार्थ्याला घेऊन दौंडला गेला. टेप निघाली, बटणं जिवंत झाली, स्वयंपाकघरापर्यंत तार गेली, राउटर कपाटाबाहेर आला आणि इन्व्हर्टरवर चढला. टॅबवर आता चारच मोठी बटणं आहेत, मराठीत, आणि नातवंडांशी बोलायचं पाचवं. कॅमेरा अक्काने अंगणात लावायला सांगितला. बाथरूमच्या वाटेवर माणूस हलला की लागणारा छोटा दिवा बसवला. त्याला ना नेट लागतं ना टॅब, आणि अक्काला सगळ्यात तोच आवडलाय. सगळं बिनचूक झालं असं नाही. मागच्या महिन्यात पुन्हा एकदा टॅब अडकला. पण तिने फोन केला नाही, बटण दाबलं. मला आठ दिवसांनी बोलता बोलता कळलं.

तेव्हा पुण्या-मुंबईत आणि परदेशात असलेल्या माझ्या तमाम भाच्यांना, पुतण्यांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना एक परीक्षा घालून देतो. आईचं घर स्मार्ट करून झालं की फोटो काढायच्या आधी इंटरनेटची वायर उपटा, मेन स्विच पाडून पुन्हा वर करा आणि आईला म्हणा, "आता बाथरूमचा दिवा लाव." तुम्ही मध्ये बोलायचं नाही. लागला तर पास. नाही लागला तर टॅब खाली उतरवा आणि आधी वायरमनला बोलवा.

असो. फारच लांबलं. अक्का आता रात्री मेन स्विच पाडत नाही. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते जरूर लिहा. आता फोन केलात तरी चालेल.