शनिवारची शाळा आणि मलिद्याचं ताट

गेल्या नोव्हेंबरात न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला. ‘‘आई, फॉर्म भरू की नको?’’ नात आठवीत. तिकडे नववीपासून हायस्कूल. घराजवळची सरकारी शाळा चांगली आणि फुकट. दुसरा पर्याय खासगी ज्यू हायस्कूलचा, फी वर्षाला तीस हजार डॉलरच्या पुढे! अमेरिकेत सरकारी शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. म्हणून ज्यांना हिब्रू, तोरा, सणवार शाळेतच शिकवायला हवेत, ते पदरमोड करून अशा शाळा चालवतात.

आम्ही बेने इस्रायल, अलिबागकडचे. आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मी मराठी शाळेत शिकले, वर्गात ज्यू मी एकटीच. शनिवारी सकाळची शाळा, आणि पेपरही नेमका त्याच दिवशी यायचा. दर वर्षी नव्या बाईंना सगळं पहिल्यापासून सांगायचं. नातीच्या वाट्याला हे नको, म्हणून मी म्हटलं, ‘‘घाल ज्यू शाळेत.’’ लेक हसली. ‘‘अगं, इथे शनिवारी शाळाच नसते.’’ पण खेळाचे सामने, नाटकं शुक्रवारी संध्याकाळी नाहीतर शनिवारीच असतात म्हणे.

मग दोघी मायलेकी एक शाळा बघायला गेल्या. इमारत देखणी, प्रयोगशाळा तर विचारू नका. प्रवेशाचं बघणाऱ्या बाईंनी नातीकडे पाहून गोड आवाजात विचारलं, ‘‘तुमच्या घरच्यांनी ज्यू धर्म कधी स्वीकारला?’’ पोरगी घरी येईपर्यंत गप्प.

मला ते फार लागलं. साठच्या दशकात इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांना तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी असंच अडवलं होतं. लोकांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे १९६४ साली तिथल्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं सांगितलं. परक्याला आपली रीत सांगणं सोपं असतं हो. मी शाळेत तेच केलं, आणि त्याने माझं काही बिघडलं नाही. पण आपल्याच माणसांसमोर ‘मी तुमचीच’ म्हणून पुरावे देत बसणं तेरा वर्षांच्या मुलीला झेपत नाही. त्यापेक्षा सरकारी शाळा बरी, असं मी लेकीला स्पष्ट सांगितलं.

आपणही मुलांसाठी शाळा बघताना बस, निकाल, इंग्रजी सगळं विचारतो. आपल्या घराबद्दल शाळेला काही ऐकायचंय का, हे कुठे बघतो?

दुसरी शाळा अर्धा तास लांब, इमारतही जुनीच. तिथल्या हिब्रूच्या बाईंनाही बेने इस्रायल माहीत नव्हते. पण नातीने मलिद्याचं नाव काढलं आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नबीचं नाव. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या मुलांना करून दाखवशील?’’

राहिली फी. सवलतीच्या अर्जात पगार, घराचं कर्ज सगळं लिहायचं, त्याची लेकीला लाज वाटली. मी म्हटलं, लाज कसली? हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली, तिला पुढे सर एली कदूरींची देणगी मिळाली म्हणून त्यांचं नाव लागलं. रिबेका रूबेन १९२२ ते १९५० तिथे मुख्याध्यापिका होत्या. आपली मुलं शिकली ती काही नुसत्या फीवर नाही. आज तिथली बहुतेक मुलं ज्यू नाहीत, तरी शाळा चालू आहे.

लेकीने अर्ज भरला. आता नातीचा फोन, ‘‘आजी, साठ मुलांना पोहे किती भिजवायचे?’’ मी वही घेऊन बसलेय.