इंजिनावरची काजळी

गेल्या अंकातील नाणेसंग्रहाचा लेख वाचून काही वाचकांनी आणखी छंदांविषयी लिहावे असे कळविले. आपल्याकडे अल्पपरिचित असा एक छंद यासाठी निवडला आहे: दुकानातून आणलेल्या चिमुकल्या रेल्वे इंजिनाला खऱ्या इंजिनाचे रूप देणे. ब्रिटनमध्ये या विषयाला वाहिलेली मासिके निघतात आणि निवृत्त माणसे त्यात वर्षानुवर्षे रमतात. धारदार सुरी, तार, रंग आणि भिंग एवढ्या सामग्रीवर काम भागते. निरीक्षणाची पुंजी मात्र ज्याची त्याने जमवावी लागते.

उदाहरण म्हणून ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे ५७०० वर्गाचे ‘पॅनियर टँक’ इंजिन घेऊ. पॅनियर म्हणजे जनावराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी टोपली. तशाच या इंजिनाच्या बॉयलरला दोन्ही अंगांनी पाण्याच्या टाक्या टांगलेल्या असतात. १९२९ ते १९५० या काळात अशी ८६३ इंजिने बांधली गेली. यार्डात डबे लावणे, शाखामार्गावर दोन-चार डब्यांची गाडी ओढणे, पडेल ते काम करणे हा त्यांचा नित्यक्रम. जुन्या पेढीवरील विश्वासू दिवाणजीसारखा.

प्रतिकृतीत एका फुटाला ४ मिलिमीटर असे प्रमाण असते, म्हणजे मूळ आकाराच्या सुमारे १/७६. येथेच हिशेबात पहिली तूट निघते. ब्रिटनमधील रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर, त्याचे या प्रमाणात १८.८३ व्हावे, दुकानातील रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे. ते अंतर १/८७ या प्रमाणासाठी ठरलेले होते. त्या प्रमाणातील ब्रिटिश इंजिनाच्या अरुंद देहात त्या काळच्या मोटारी मावेनात, म्हणून देह वाढविला आणि रूळ तेच ठेवले. काही काटेकोर मंडळी १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालून चाके बदलतात. आपल्या ब्रॉडगेजची अडचण आणखी मोठी आहे. १६७६ मिलिमीटरचे १/८७ प्रमाणात १९.२६ होतात, १६.५ च्या रुळावर भारतीय इंजिन ठेवले तर त्याची चाके पोटाखाली ओढून घेतल्यासारखी दिसतात. (चालत्या छोट्या गाड्या मुलांना दाखवायच्या असतील, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय अवश्य पाहावे.)

बहुसंख्य हौशी लोक रुळांची तूट खपवून घेतात आणि रूपाकडे वळतात. प्रथम पुढचे आकड्यासारखे बोजड कपलिंग काढून त्या जागी साखळीचे बारीक कपलिंग आणि ब्रेकची नळी बसवितात. देहाशी एकजीव ओतलेल्या प्लॅस्टिकच्या दांड्या तासून तेथे तार लावतात. कोळशाच्या काळ्या प्लॅस्टिकवर खऱ्या दगडी कोळशाचा चाळलेला चुरा, पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलने चिकटवितात. ही कामे हाताच्या कौशल्याची आहेत, सरावाने जमतात.

मळ चढविणे मात्र समजुतीचे काम आहे. खरे इंजिन सगळीकडे सारखे मळत नाही. प्रत्येक डागाला कारण असते. धुराड्यातून उडालेली काजळी टाक्यांच्या माथ्यावर आणि चालकाच्या डोक्यावरील छपरावर बसते. ओतीव लोखंडाचे ब्रेक चाकांवर घासून त्यांची भुकटी उडते व गंजते, म्हणून खालची चौकट आणि चाकांच्या आऱ्या तपकिरी होतात. दांड्यांच्या सांध्यांशी तेलाची ओलसर चमक असते. टाकी भरताना सांडलेले पाणी झाकणापासून खाली ओघळते आणि वाटेतील काजळी धुऊन नेते. पाणी जड असेल तर वाफ झिरपते तेथे चुन्याच्या पांढऱ्या रेघा उमटतात. पायऱ्यांच्या कडा आणि हाताने धरावयाच्या दांड्या रोजच्या स्पर्शाने उजळ राहतात. नवशिका हे न पाहता सर्वत्र एकच तपकिरी रंग फवारतो. बँकेत तपासणीच्या कामावर असताना, वर्षभराच्या नोंदी एकाच बैठकीत लिहिल्यासारखी वही दिसली की आम्ही ती पुन्हा पहिल्या पानापासून उघडत असू. असे इंजिन पाहिले की मला ती वही आठवते.

कृती सोपी आहे. झळाळी मारणारा लेप देऊन घ्यावा, अगदी पातळ गडद तपकिरी रंग लावून तो ओला असतानाच वरून खाली पुसून काढावा. खाचांत उरेल तेवढा पुरे. चाकांचा रुळावर टेकणारा भाग स्वच्छ ठेवावा, कारण १२ व्होल्टचा प्रवाह तेथूनच मोटारीला मिळतो. या छंदात कोलिन्स्की केसांचा कुंचला फार वाखाणतात. तो एका प्राण्याच्या केसांचा असतो. नायलॉनच्या कुंचल्याने या कामात काही उणे पडत नाही.

आता व्यापारी वाचकांच्या मनातील प्रश्न. खोक्यासह कोऱ्या इंजिनाला संग्राहक अधिक दर देतात. हौशी हाताने रंगविलेले सहसा कमी दराने जाते. मग पदरमोड करून किंमत का उतरवावी? आमच्या एका धान्यव्यापारी स्नेह्यांच्या घरी नुकताच हाच वाद झाला. त्यांच्या थोरल्या बंधूंनी लंडनहून असेच हिरवे पॅनियर इंजिन आणले होते आणि परतल्यावर सहा महिन्यांतच ते निवर्तले. खोके तेव्हापासून कपाटात. नववीतल्या नातवाला ते इंजिन ‘खरे’ करावयाचे होते. आजोबांचे म्हणणे, अशी वस्तू बिघडवू नये. वहिनींनी एवढेच सांगितले, “भाऊजी, ह्यांनी ते विकायला आणलं नव्हतं.”

मला किंमत सांगण्यासाठी बोलावले होते. मी कागदावर दोन रकाने आखले: मागे घेता येणारे बदल आणि न येणारे. कपलिंग काढून पुडीत बांधून खोक्यात ठेवता येते. कोळसा वेगळ्या तुकड्यावर चिकटवून वर नुसता बसविता येतो. लेप न देता लावलेली रंगाची कोरडी पूड बरीचशी पुसता येते. तासलेली दांडी मात्र परत येत नाही, खोडलेला क्रमांकही नाही. पहिल्या रकान्यातील कामांना आजोबांनी संमती दिली.

छायाचित्र मागितले तेव्हा खरा पेच निघाला. नातवाने १९५० नंतरची, काजळीने माखलेली इंजिने शोधून ठेवली होती. वहिनींनी पेटीतून आणलेल्या छायाचित्रात थोरले बंधू डिडकोटच्या रेल्वे केंद्रात अशाच एका जतन केलेल्या इंजिनाशेजारी उभे होते आणि ते इंजिन आरशासारखे लखलखत होते. छायाचित्रावरूनच काम करावयाचे हा या छंदाचा पहिला नियम, आणि घरात छायाचित्र हे एकच होते. शेवटी टाक्या हिरव्या व स्वच्छ राहिल्या. चाकांवर भुकटीचा तपकिरी रंग, सांध्यांशी तेल आणि मागे खरा कोळसा एवढेच झाले. छायाचित्रातील क्रमांक प्रतिकृतीवरील क्रमांकाहून वेगळा आहे. तो बदलावा, असे आता आजोबाच म्हणत आहेत. नातू म्हणतो, तो दुसऱ्या रकान्यात आहे.