विष उतरले ते कशाने?



परवा तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आमच्या गावात एक काका मंत्राने सापाचे विष उतरवतात. माझ्या डोळ्यांदेखत तिघे बरे झाले. मग ते खोटे कसे म्हणायचे?" वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. 'मी पाहिले आहे' असे जो सांगतो, त्याला हसून गप्प करणे ही विज्ञानाची रीत नव्हे. त्याला उत्तर द्यायला हवे.

रोगांवरचे मंत्र आपल्याकडे फार जुने आहेत. अथर्ववेदात ताप, कावीळ, मोडलेले हाड आणि सापाचे विष यांवर सूक्ते आहेत. त्यांच्याबरोबर करावयाचे विधी कौशिकसूत्रात दिले आहेत. काविळीच्या सूक्तात रोग्याचा पिवळेपणा पोपटांकडे जावा, अशी इच्छा व्यक्त केली आहे. ती रचणारी माणसे भोळसट होती असे समजू नका. आपल्या माणसाच्या वेदना त्यांना पाहवत नव्हत्या आणि हाती साधने थोडी होती. त्या सूक्तांविषयी आदर बाळगूनही आपण एक प्रश्न विचारू शकतो : गुण आला तो मंत्राने आला, हे ठरवायचे कसे?

प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटर जोडण्यापूर्वी तुम्ही काय पाहता? प्रवाह नसताना काटा शून्यावर आहे ना, हे पाहता. ते न पाहता घेतलेल्या वाचनाला अर्थ नसतो. मंत्राचेही 'शून्य' पाहायला हवे. मंत्र म्हटलाच नाही, तर किती जण बरे होतात?

आपल्या देशातील सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा चाव्याला कोरडा दंश म्हणतात. आता समजा, त्या काकांकडे शंभर जण आले आणि त्यांतल्या सत्तरांच्या अंगात विष गेलेलेच नव्हते. हा आकडा केवळ उदाहरणापुरता. हे सत्तर जण मंत्राने बरे होतील, मंत्रावाचून बरे होतील आणि काकांनी तेराचा पाढा म्हटला तरी बरे होतील! काकांच्या नावावर मात्र सत्तर यश जमा होतात. जे दगावतात, त्यांच्याविषयी 'वेळच भरली होती' असे म्हणून खाते बंद केले जाते.

मी आठवीत असताना आमच्या आळीतल्या एका शेतमजुराला रात्री झोपेत मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही बहुधा येत नाही. त्याला मारुतीच्या देवळात नेले. कडुनिंबाचा पाला चावायला दिला. तो कडू लागला, म्हणजे विष नाही, असे ठरले. मंत्र झाला, नारळ फुटला, मंडळी घरी गेली. पहाटे त्याच्या पापण्या आपोआप मिटू लागल्या, थुंकी गिळता येईना. तालुक्याला पोचेपर्यंत श्वास थांबला होता. मण्यारीचे विष चेतातंतूंकडून स्नायूंना मिळणारा संदेश अडवते आणि त्याची लक्षणे दिसायला कित्येक तास लागू शकतात. मंत्राने त्या माणसाला अपाय केला नाही. पण उपचार मिळण्याचे चार तास त्यात गेले.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सर्पविषाचा विचार आहे. तेथे मंत्रांची थोरवी सांगितली आहे. पण स्वर किंवा वर्ण चुकला तर मंत्र सिद्ध होत नाहीत, म्हणून औषधांचा क्रम योजावा, असेही त्याच ठिकाणी म्हटले आहे. आजचा मांत्रिक यातले पहिले अर्धे वाक्य उचलतो : गुण आला तर मंत्राचा, न आला तर उच्चाराचा दोष. जो दावा कधी हरूच शकत नाही, त्याची परीक्षाही होऊ शकत नाही. सुश्रुताने त्याच अडचणीतून शहाणपणाचा निष्कर्ष काढला होता : औषध द्या.

ते औषध आज आपल्याकडे आहे. १८९४ साली फ्रान्समध्ये सर्पविषावरील प्रतिविषाचा शोध लागला. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. घोड्याला या विषांची अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये त्यासाठी घेतात. तेही निर्दोष नाही. काहींना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते, इतर काही सापांवर ते चालत नाही. पण हे दोष नोंदले जातात आणि दूर करण्याचा प्रयत्न होतो. लहानपणी आम्हांला प्रथमोपचारात शिकवले होते : दंशाच्या वर घट्ट आवळपट्टी बांधा, चीर पाडा, रक्त वाहू द्या. पुढे त्याने अपायच होतो असे दिसले आणि वैद्यकाने तो सल्ला मागे घेतला. चूक कबूल करण्याची ही सोय मंत्रात नाही.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. दंश झालेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा मध्यरात्री प्रत्येक आळीत पोचत नाही. तुम्ही तेथे असता.

म्हणून इतके करा. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष मिळते, हे आजच विचारून घ्या आणि १०८ या क्रमांकासह घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. शिक्षकांनी ते शाळेच्या फलकावर लिहावे. दंश झालेल्याला धीर द्या, चालू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा, तो अवयव फळी बांधून स्थिर ठेवा आणि लगेच निघा.

आजीला मंत्र म्हणायचा असेल तर तिच्याशी वाद घालत बसू नका. भेदरलेल्या माणसाला ओळखीच्या आवाजाचा आधार वाटतो. तिला सांगा, "आजी, मंत्र गाडीत बसून म्हण." गाडी मात्र दवाखान्याकडेच गेली पाहिजे.