जुने द्या, नवे घ्या

'जुने द्या, नवे घ्या' ही पाटी ज्या गृहस्थाने प्रथम रंगवली त्याच्याशी माझे भांडण आहे. तो कुठे भेटला तर मी त्याला चहा विचारणार नाही. या चार शब्दांनी मराठी मध्यमवर्गाचे जेवढे नुकसान केले तेवढे पानिपतानेही केले नसेल. पानिपतावर आपण निदान लढलो तरी! इथे आपण आपल्या पायांनी दुकानात जातो, आजीचे पितळी घंगाळ नाहीतर वडिलांचा रेडिओ काउंटरवर ठेवतो, 'किती कमी करणार?' असे विचारतो आणि अटकेपार झेंडा लावून आल्यासारखे तोंड करून घरी येतो.

हे मी दुसऱ्या कोणाला उद्देशून बोलतो आहे असे समजू नका. २०१२ सालच्या दिवाळीत बोईसरच्या एका दुकानात मी वडिलांचे मनगटी घड्याळ दिले आणि सेलवर चालणाऱ्या नव्या घड्याळावर दीडशे रुपयांची सूट मिळवली. अण्णांना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. घड्याळ खणात बंद पडून होते. बंद घड्याळ घरात ठेवू नये असे कोणीतरी वास्तुशास्त्र सौ.ला सांगितले होते आणि वेळ बघायला मोबाईल होताच.

घड्याळ एचएमटी 'जनता'. हल्लीच्या मुलांना एचएमटी म्हणजे एखादी प्रवेशपरीक्षा वाटते, म्हणून थोडी कुळकथा सांगतो. हिंदुस्तान मशीन टूल्स हा सरकारी उद्योग १९५३ साली निघाला तो यंत्रे बनवणारी यंत्रे बनवायला. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने त्याने बंगलोरला घड्याळे करायला घेतली. सरकारी असून वेळेवर चालणारी ती देशातली बहुधा एकमेव वस्तू. मुलगा मॅट्रिक झाला, एचएमटी. जावई मिळाला, एचएमटी. साहेब रिटायर झाले, हार, नारळ आणि एचएमटी. म्हणजे वेळेची काही गरज उरली नाही की मग घड्याळ!

अण्णांनी मात्र ते स्वतःच्या पगारातून घेतले होते. पालघरहून ते रोज बोईसरला एका कारखान्यात हिशेब लिहायला जात. पालघर, उमरोळी, बोईसर, एवढाच प्रवास. पण तयारी काशीयात्रेची. सकाळी रेडिओच्या पिप्-पिप्‌वर काटे जुळवायचे, मोजून चावी द्यायची आणि प्लॅटफॉर्मवर उभे राहून गाडी किती मिनिटे उशिरा आली ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहायचे. कशासाठी ते आम्हांला कधी कळले नाही. रेल्वेलाही कळले नसावे. एका जुलैत गुडघाभर पाण्यातून येताना घड्याळात पाणी गेले आणि तबकडीवर चारच्या आकड्यापाशी तपकिरी डाग पडला. "तबकडी बदला," असे सगळे म्हणाले. अण्णा म्हणाले, "कशाला? चारला ऑफिस थोडंच सुटतं?"

असे ते घड्याळ मी दीडशे रुपयांना दिले.

दिवाळीच्या पाडव्याला आईने निरांजन लावले, पाट मांडला आणि म्हणाली, "अरे, ह्यांचं घड्याळ दे जरा." ती त्याला ओवाळणार होती. माझ्या तोंडून निघून गेले, "दुरुस्तीला दिलंय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने बोईसर गाठले. दुकानदार सज्जन होता. म्हणाला, "साहेब, तो माल तर गोणीत भरून मुंबईला गेला. तुम्ही दुसरं घ्या ना, सेम टु सेम देतो." पाटीवाल्यानंतर माझे भांडण आहे ते या 'सेम टु सेम'वाल्यांशी. अहो, माणूस हरवल्याची तक्रार द्यायला गेलेल्याला फौजदाराने, तुमच्या काकांच्याच उंचीचे एक काका आतल्या खोलीत बसले आहेत, ते घेऊन जा, असे सांगितले तर चालेल का?

मग मुंबई. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर मी इतके शुक्रवार घातले की तिथले लोक मला गिऱ्हाईक न समजता धंद्यातलाच समजू लागले. एव्हाना देशाचेही डोके फिरले होते. २०१४ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचे ठरवले, २०१६ मध्ये तो बंद झाला, आणि ज्यांनी आयुष्यात घड्याळाला चावी दिली नव्हती त्यांनाही 'जनता' हवीशी झाली. गोणीतला माल काचेच्या कपाटात गेला. पण कसा? केशरी, मोरपिशी, जांभळा! जुनी तबकडी घासायची, वर नवा रंग मारायचा, नाव छापायचे. एकाचे मशीन, दुसऱ्याचे काटे, तिसऱ्याचे झाकण. याला म्हणायचे 'एकदम नवं करून दिलंय, साहेब'. आम्हा पालघरवाल्यांना या प्रकाराचे तसे नवल नाही. तारापूरची औद्योगिक वसाहत आमच्या बोईसरला आहे, तारापूरच्या अणुवीज केंद्राला जायचे तरी उतरायचे बोईसरला, आणि तारापूर नावाचे स्टेशन तर मुळीच नाही. पण तिथे नावाची अदलाबदल झाली तरी वीज खरी आहे, १९६९ पासून. इथे डागच पुसून टाकलेला! माझ्या बापाची खूण ज्याला घाण वाटली, त्याला मी काय सांगणार?

आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाले आहेत. प्रत्येक गोष्टीचा ते घसारा काढतात. ते म्हणाले, "एका घड्याळापायी एवढी धावपळ? भावनेला बाजारभाव नसतो हो." नसतो? मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचे झेनिथ कंपनीचे खिशातले घड्याळ लिलावाला निघाले. सोबत चष्मा, चपला, एक वाडगा आणि एक थाळी. दिल्लीचे सरकार जागे झाले, कोर्टाचा मनाईहुकूम निघाला, विकणाऱ्याचेही मन ऐनवेळी पालटले, तरी हातोडा पडायचा तो पडलाच. अठरा लाख डॉलर! आणि ते कोणी दिले? दारूच्या धंद्यातल्या विजय मल्ल्यांनी. बापूंच्या घड्याळाची ही गत, तर हिशेबनिसाच्या घड्याळाला कोण विचारतो! पण माझा मुद्दा वेगळाच आहे. तेच घड्याळ १९४७ साली आगगाडीत चोरीला गेले होते, आणि काही महिन्यांनी चोराने आपण होऊन आणून दिले, वर क्षमा मागितली. चोराकडून वस्तू परत येण्याची आशा असते, वाचकहो. एक्सचेंजमध्ये दिलेली कोण आणून देणार? तिथे चोर आपणच असतो आणि खिशात पावती असते.

आईने दर पाडव्याला विचारावे आणि मी दर पाडव्याला "दुरुस्तीला आहे" म्हणावे, असे चालले होते. सुटका केली आमच्या पालघरच्या घड्याळवाल्या काकांनी. डोळ्यावरचे भिंग न काढताच ते म्हणाले, "अहो, तबकडी काय बघता? झाकण उघडून बघा. मी साफ केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून सुईने खूण करतो. अण्णांच्या तीन तारखा आहेत माझ्या हातच्या." त्यांनी वहीतून त्या तारखा काढून दिल्या. इतकी वर्षे मी घड्याळांचे चेहरे बघत हिंडत होतो!

पुढचे सगळे शुक्रवार झाकणे उघडण्यात गेले. शेवटी एका केशरी 'जनता'च्या झाकणात तिन्ही तारखा निघाल्या. किंमत बावीसशे. मी घासाघीस केली नाही. दुकानदाराला त्याचा संशयच आला.

आईच्या हातात दिले. तिने आधी कानाला लावले, बराच वेळ. म्हणाली, "मशीन ह्यांचं नाही. ह्यांचं जरा खोकायचं." मग उलटे करून झाकणावरून अंगठा फिरवला. कडेला एक ओरखडा होता. अण्णांनी एकदा स्वयंपाकघरातल्या सुरीने ते उघडायचा प्रयत्न केला होता. "ही माझ्या सुरीची," ती म्हणाली. आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "एवढी वर्षं दुरुस्तीला टाकलंस आणि सगळं बदलून आणलंस होय रे?"

मी नव्या घड्याळात किती वाजले ते बघितले.

हल्ली रोज सकाळी ती त्याला चावी देते. पाडव्याला निरांजनाच्या ताटासमोर केशरी तबकडी असते. तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या 'जनता'त पांढरी तबकडी आणि चारच्या आकड्यापाशी तपकिरी डाग असेल तर कृपया कळवावे. बदल्यात सेलवरचे एक घड्याळ देण्यात येईल. फारसे वापरलेले नाही.