गळ, वही आणि परवाना

परवान्यांच्या बाबतीत आमची पिढी चांगलीच अनुभवी आहे, मंडळी. रेडिओ ऐकायचा तर परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात रांग लावून त्या छोट्या पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. सायकल चालवायची तर पत्र्याचा बिल्ला हवा, आणि तो नसला की कोपऱ्यावर उभा असलेला माणूस सायकलच ठेवून घ्यायचा. रेडिओचा परवाना ऐंशीच्या दशकात बंद झाला, बिल्लाही गेला. कुणी हळहळल्याचं मला आठवत नाही. का हळहळावं? त्या पैशाचं पुढे काय झालं, हे आम्हांला कधी कळलंच नाही ना!

तरीही आज मी एका परवान्याची बाजू घेऊन लिहिणार आहे. हौसेखातर गळ टाकून मासे धरण्याचा परवाना. हसू नका. या वयात हे कुठलं खूळ, असं म्हणणारे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, की मी स्वतः गळ टाकत नाही. नाद आहे तो आमच्या ह्यांना. नोकरीत असताना रविवारी आणि निवृत्तीनंतर मनात येईल त्या दिवशी. कणकेचे गोळे मळून द्यायचं काम मात्र चाळीस वर्षं माझ्याकडेच आहे.

विषय डोक्यात शिरला तो मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा. तिथे तळ्यावर जायच्या आदल्या रात्री मुलगा संगणकासमोर बसला आणि म्हणाला, "बाबांचा परवाना काढतोय." मला वाटलं गंमत करतोय. पण तिथला नियम वाचून दाखवला त्याने. सोळा वर्षांखालच्या मुलाला परवाना लागत नाही, म्हणजे नातू मोकळा. सोळापासून पुढे लागतो, म्हणून मुलाने स्वतःचा काढलेला होताच. राज्यातला रहिवासी सत्तरीचा झाला की त्याला परत लागत नाही. आमचे हे सत्तरीच्या पुढचे, पण पडले पाहुणे! म्हणून त्यांना परगावच्या माणसाचा, आठवड्यापुरता परवाना. ट्राउट नावाचा मासा धरायचा असेल तर त्यावर वेगळा शिक्का, त्याचे वेगळे पैसे. वर्षाचा परवाना घेतला तरी तो ३१ डिसेंबरला संपतो, नोव्हेंबरात घेतलात तरी. नवीन वर्षी नवीन परवाना.

पहिल्यांदा माझी प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती, की माशांच्या मागेसुद्धा सरकार लागलंय! मग मी खोदून खोदून विचारलं (शिक्षकी सवय जात नाही), तेव्हा दोन गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे पैसे कुठे जातात ते सांगता येतं. त्या राज्यात पेक्वेस्ट नावाचं मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे वाढवलेले ट्राउट दर वसंतात नद्या-तळ्यांत सोडतात, आणि तो खर्च मुख्यतः परवान्यांच्या पैशातून निघतो. शिवाय १९५० सालच्या एका कायद्याने गळ, रॉड, रीळ अशा सामानावर जो कर बसतो, तो केंद्र सरकार राज्यांना वाटतं. वाटताना राज्याचा आकार बघतात, तसंच तिथे परवानाधारक किती आहेत हेही मोजतात. म्हणजे माझ्या मुलाचा एक परवाना हा त्या राज्याच्या हिशेबात एक डोकं असतो.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. समुद्रात गळ टाकायला तिथे पैसे पडत नाहीत, पण दरवर्षी नाव नोंदवावं लागतं. फुकट, पण नोंद हवीच. कारण किती माणसं किती मासे काढतात हे कळल्याशिवाय समुद्रात काय उरलं याचा अंदाज कसा बांधणार?

आता आपल्याकडे वळू. कायदे नाहीत असं मुळीच नाही. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला १८९७ च्या इंडियन फिशरीज ॲक्टपासून बंदी आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा आहे, समुद्रातल्या मासेमारीचा १९८१ चा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात जायला बंदी असते, ती माशांच्या विणीच्या हंगामामुळे. धरणांचे जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. हा सगळा विचार पोटासाठी मासे धरणाऱ्यांचा आहे, आणि तो तसाच असायला हवा. पण रविवारी रॉड घेऊन धरणाच्या काठी बसणाऱ्या माणसाचं काय? इतक्या वर्षांत ह्यांच्या सोबत्यांपैकी एकाच्याही खिशात मी परवाना पाहिला नाही. न्यू जर्सीहून परतल्यावर ह्यांनी उत्साहाने एका सरकारी कार्यालयात जाऊन चौकशी केली. तिथला संवाद असा झाला:

"मासे विकायचेत का?"

"नाही."

"मग परवाना कशाला, आजोबा? जा की, धरा."

ह्यांना ते उत्तर ऐकून बरं वाटलं. मला नाही वाटलं. त्या "जा की, धरा"मध्ये औदार्य आहे, पण नदीला कुणी वाली नाही हेही त्यातच आलं.

नदीचा विषय निघाला म्हणून थोडा इतिहास सांगते, कारण पुणेकरांना तो ठाऊक नसतो. सायक्स नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी म्हणून दख्खनमध्ये हिंडला. त्याने इथल्या माशांची वर्णनं लिहिली, ती १८३९ साली प्रसिद्ध झाली. माशांना नावं देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचीच नावं घेतली. त्यातलाच एक मासा आज जगभर 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो. आपण ज्याला महाशीर म्हणतो, त्यातला हा निळ्या पराचा. आणि सायक्सने तो कुठला म्हणून लिहिला? पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर, मुळा-मुठेतला! म्हणजे आजच्या मांजरीच्या आसपास कुठेतरी. आज तिथल्या पुलावरून जाताना आपण गाडीच्या काचा वर करतो.

हा मासा जगला तो इतरांच्या मेहनतीने. टाटा पॉवरने सत्तरच्या दशकात लोणावळ्याला वळवण तलावापाशी त्याची पैदास सुरू केली आणि पिल्लं ठिकठिकाणी सोडली. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत हा मासा आता धोक्यातला राहिलेला नाही, ही बातमी २०२० साली आली. आपल्या भाविकपणानेही काही मासे राखले. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीरला कुणी हात लावत नाही, उलट चुरमुरे घालतात. देहूच्या डोहातल्या माशांनाही तसाच मान आहे. पण श्रद्धा गळ थांबवू शकते, वरून येणारं सांडपाणी नाही. इंद्रायणीत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आता माझ्या मुद्द्याचं उदाहरण. ते कर्नाटकातलं आहे, पण त्याचं एक टोक आपल्या लोणावळ्यात आहे. कावेरी नदीत पाठीला उंचवटा असलेला एक प्रचंड महाशीर असतो. तो धरायला जगभरचे हौशी लोक यायचे. तिथल्या शिबिरांत पैसे भरायचे, परवानगी घ्यायची, मासा धरला की वजन करून जिवंत सोडून द्यायचा आणि नोंद वहीत करायची. पुढे अभयारण्याच्या नियमांमुळे २०१२ च्या सुमारास हे सगळं बंद झालं. पण वह्या राहिल्या. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला, की तिथला मूळचा महाशीर भराभर नाहीसा होतोय आणि त्याच्या जागी बाहेरून आणून सोडलेला निळ्या पराचा महाशीर वाढतोय. होय, तोच आपला, लोणावळ्याच्या पैदाशीतला! चांगल्या हेतूने सोडलेला पाहुणा घरमालकाला बाहेर काढत होता, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. २०१८ साली त्या कावेरीच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

विचार करा, हे कळलं कशामुळे? हौशी लोकांच्या वह्यांमुळे. मुळा-मुठेतून खुद्री कधी गेला, कुठल्या वर्षी शेवटचा दिसला, याची अशी एखादी वही आपल्याकडे आहे का? शंभर-दीडशे वर्षं लोक काठावर बसून गळ टाकत होते. त्यांना नक्की दिसलं असणार. पण लिहून ठेवा, असं त्यांना कुणी सांगितलंच नाही.

म्हणून मला वाटतं, की परवान्याचा खरा उपयोग तो देताना नसतो, नूतनीकरणाच्या वेळी असतो. परवाना घेताना सोबत एक वही द्यावी. कुठे बसलात, किती वेळ, कोणता मासा, केवढा, सोडलात की घरी नेलात. वर्षाने ती वही दाखवायची, मग पुढच्या वर्षाचा परवाना मिळेल. गृहपाठ दाखवल्याशिवाय मी कधी कुणाला सोडलं नाही, यातही सूट नको. आणि कोरी वही चालणार नाही. 'सहा तास बसलो, एकही मासा नाही' हीसुद्धा नोंदच आहे. कदाचित सगळ्यांत मोलाची.

आता आक्षेप. ह्यांनीच तीन काढले, म्हणजे तुम्हीही काढाल.

पहिला, गरिबाच्या पोटावर पाय येईल. रास्त आहे. भोई, कोळी, कातकरी, ज्यांची चूल माशावर चालते त्यांचा या परवान्याशी संबंधच नको. हा परवाना हजारो रुपयांचा रॉड खांद्यावर टाकून मोटारीने येणाऱ्यांसाठी आहे. उलट एक गोष्ट या मंडळींना कुणी सांगत नाही. ठेक्याच्या जलाशयात मत्स्यबोटुकली विकत आणून सोडते ती संस्था. मग तिथला मासा फुकट नेणं म्हणजे शेजाऱ्याच्या परड्यातली भाजी खुडणं नव्हे का? अशा जलाशयात परवान्याच्या पैशातला वाटा थेट त्या संस्थेला मिळायला हवा.

दुसरा आक्षेप, चिरीमिरीला आणखी एक खिडकी उघडेल. ही भीती मलाही आहे. म्हणून फी अगदी थोडी हवी, दोन सिनेमांच्या तिकिटांपेक्षा कमी. आणि जमा किती झाले, कुठल्या पाण्यावर खर्च झाले, याचा फलक धरणाच्या काठावरच लावावा. रेडिओच्या परवान्याची गत याची होऊ नये.

तिसरा आक्षेप, म्हाताऱ्यांना तरी सोडा! इथे मी न्यू जर्सीच्या समुद्राचा नियम लावीन. सत्तरीनंतर फी माफ, नोंद माफ नाही. चाळीस वर्षं पाण्याकडे बघणाऱ्या माणसाला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही. त्याचीच वही सगळ्यांत आधी हवी.

आणखी एक गोष्ट परवान्यावर ठळक छापावी. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, आणि नेमकं तेव्हाच लोक टोपल्या घेऊन धावतात. अंड्यांनी भरलेली मासळी चविष्ट लागते, मान्य. पण एका मासळीबरोबर किती पिल्लं कढईत जातात! समुद्राला दोन महिने विश्रांती मिळते. नदीकाठच्या हौशी माणसानेही त्या दोन महिन्यांत गळ गुंडाळून ठेवायला काय हरकत आहे?

या सगळ्याने मुळा-मुठा स्वच्छ होईल का? नाही. ते काम मैलापाणी शुद्ध करण्याचं आहे, आणि ते महापालिकेलाच करावं लागेल. पण पैसे भरून, वही लिहून बसलेली दोन-चार हजार माणसं जेव्हा म्हणतील, की "आमच्या नोंदीत गेल्या वर्षी अमुक मासा होता, यंदा नाही", तेव्हा उत्तर द्यावं लागेल. आज कुणी तक्रार करायला गेलं, तर "तुमचा काय संबंध?" असं विचारता येतं. परवाना हा त्या संबंधाचा कागद आहे.

सरकार काही लगेच हा परवाना काढणार नाही, हे मला कळतं. तोवर वही तरी आपली आपण सुरू करता येते. ह्यांना मी दोनशे पानी, एकरेघी वही आणून दिली आहे. पहिल्या पानावर तारीख, ठिकाण खडकवासला, वेळ साडेतीन तास, मासे दोन, दोन्ही तिलापिया, दोन्ही घरी आणले. तिलापिया मूळचा आफ्रिकेतला, इथला नव्हे, हे मी समासात लाल शाईने लिहिलं आहे.

तुमच्यापैकी कुणी गळ टाकत असेल, किंवा तुमच्या आजोबा-पणजोबांनी मुळा-मुठेत, पवनेत, भीमेत कोणते मासे धरले हे घरात कुणाला आठवत असेल, तर जरूर कळवा. नाव, साल, जागा, जेवढं आठवेल तेवढं. तेही वहीत उतरवून ठेवू.