ताईच्या स्वेटरच्या बाह्या



ह्या खेपेला रंगकामाविषयी लिहिते. माझ्या कपाटात लोकरीचे इतके गुंडे साठलेत की मुलगा म्हणतो, "आई, दुकान काढ!" पण मागल्या हिवाळ्यात त्या साऱ्या साठ्यात हवा तो रंग सापडेना. माझी ताई गेली तेव्हा तिच्या पिशवीत नातीसाठी घेतलेला स्वेटर निघाला. पाठ झालेली, पुढची बाजू झालेली, बाह्या बाकी आणि लोकर संपलेली. रंग मोहरीसारखा पिवळा.

बीरशेबातली दुकाने पालथी घातली. कारखान्यात लोकर एका वेळी जेवढी रंगते, तिच्या सगळ्या गुंड्यांच्या चिठ्ठीवर एकच लॉट नंबर असतो. दुसऱ्या नंबरचा गुंडा घेतला की बाही लगेच वेगळी दिसते. एका दुकानात छान मऊ पांढरी लोकर दाखवली, पण तिच्यात अळशीच्या धाग्याचे मिश्रण. ते आपल्याला चालत नाही. शेवटी साधी पांढरी लोकर २०० ग्रॅम आणली आणि ठरवलं, आपणच रंगवू.

आधी हळद. रंग अगदी हुबेहूब आला, मी खूष! ती लडी खिडकीत टांगली आणि पंधरा दिवसांत फिकी पडली. हळदीला ऊन सोसत नाही, हे माहीत असून मोह झाला. तेवढी लोकर बदलून आणावी लागली.

मग कांद्याची सालं. सुकी सालं लोकरीच्या वजनाइतकी घ्यावी, म्हणजे २०० ग्रॅम. ऐकायला थोडी वाटतात, पण सालं फुलासारखी हलकी. इमारतीतल्या सगळ्या शेजारणींकडून दोन महिने गोळा केली. नात घरोघरी पिशवी घेऊन जायची.

मुलांनो, लोकर रंगवायची तर मोठ्या माणसाला सोबत घ्या, आणि पातेले वेगळे ठेवा, त्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. गुंडा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, नाही तर असा गुंता होतो की रडू येईल. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. १०० ग्रॅम लोकरीला १२ ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून, त्यात लडी ठेवून हळूहळू तापवा. उकळू द्यायचे नाही. तुरटीशिवाय रंग नीट धरत नाही. सालं वेगळ्या पातेल्यात तासभर उकळून गाळा, पाणी कोमट झालं की लडी सोडा आणि पुन्हा मंद आचेवर तासभर ठेवा. सारखे ढवळू नका, आणि गरम लडी गार पाण्यात तर मुळीच टाकू नका. लोकर आक्रसून घोंगडीसारखी होते. पातेल्यातच रात्रभर निवू द्या.

माझ्या पातेल्यात १०० ग्रॅमच मावली. म्हणून दोन घाणे केले, आणि तिथेच चूक झाली. दुसऱ्या घाण्यात लाल कांद्याची सालं जास्त पडली. पहिला घाणा सोनेरी, दुसरा किंचित हिरवट. मी डोक्याला हात लावला! एक बाही सोनेरी आणि दुसरी हिरवट, असं कसं चालेल?

मग आईची युक्ती आठवली. दोन्ही लड्यांचे गुंडे जवळ ठेवायचे, दोन सुया एका गुंड्याने विणायच्या, दोन दुसऱ्याने. धागा तोडायचा नाही, कडेने वर न्यायचा. दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात, पट्टे दिसत नाहीत. दोन्ही बाह्या अशाच विणल्या.

पाठीच्या मधोमध ताईचा एक टाका सुटलेला आहे. तिला शेवटी नीट दिसत नव्हते. बहिणीने म्हटले, उसवून दुरुस्त कर. मी हात लावला नाही, मागून फक्त दोऱ्याने अडकवून ठेवला.

बाह्या पाठीपेक्षा थोड्या गडद दिसतात, उन्हात तर जास्तच. नातीने घालून आरशात पाहिलं आणि विचारलं, "मावशीआजी, आजीचं कुठं संपलं नि तुझं कुठं सुरू झालं?" मी खांद्यावरची शिवण दाखवली. तिने तिथे बोट फिरवलं आणि तसाच स्वेटर घालून शाळेत गेली.

पुढच्या वेळी डाळिंबाची सालं. नव्याच्या सणाला डाळिंबे आणाल तेव्हा सालं फेकू नका, सुकवून ठेवा.